लंगोट चालतो, मग स्पोर्ट्स ब्राचं नाव काढल्यावर गाव का लाजतं?

पोलीस भरतीच्या तयारीला लागलेल्या पोरीला अकॅडमीत पहिल्याच दिवशी यादी सांगतात. चांगले बूट आण. ट्रॅकपॅन्ट, दोन टी-शर्ट. पाण्याची बाटली. सकाळी भिजवलेले हरभरे, दोन अंडी, जमलं तर केळी. केस घट्ट बांध, बांगड्या-पैंजण घरी ठेवून ये. सगळं सांगतात, फक्त एक गोष्ट सोडून. धावताना छातीला आधार देणारी, मापाची स्पोर्ट्स ब्रा घाल, हे सांगायला ना सर तयार, ना मॅडम, ना घरातली आई.

आज त्याच्यावरच लिहितेय. पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचा. ज्यांच्या घरात सातवी-आठवीच्या पुढची मुलगी आहे त्यांनी तर वाचाच.

दोन आठवड्यांपूर्वी याच विषयावर चार ओळी टाकल्या होत्या. त्यावर एका सद्गृहस्थांचा मेसेज आला, "मॅडम, तुमच्या पोस्ट आमचे वडीलधारेही वाचतात. विषय जरा बघून निवडत जा." दुसऱ्यांनी लिहिलं, "पत्रकारांना पाणी, रस्ते, ऊसदर असे विषय संपले का?" संपले नाहीत दादा. ऊसदरावर वीस वर्षं लिहितेय, पुढंही लिहीन. पण त्याच रात्री इनबॉक्समध्ये पोरींचे मेसेज आले त्याचं काय करू? "ताई, कुठली घ्यायची?" "ताई, कितीला मिळते? आपल्याकडं मिळते का?" "ताई, पळताना दुखतं, हे सगळ्यांनाच होतं का?" पोस्टखाली जाहीर कमेंट एकीनंही केली नाही. पुरुष उघड बोलले, नको बोलू म्हणून. पोरी लपून बोलल्या, सांगा म्हणून. यातच सगळं आलं.

आता मुद्द्याचं.

आपला भाग तालमीचा. इंदापूर-बारामतीच्या गावोगाव पोरं लाल मातीत घुमतात. तालमीत मारुतीच्या फोटोशेजारी खुंटीला लंगोट वाळत असतो. वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी लंगोट कसा कसायचा ते सगळ्यांदेखत शिकवतो. का? तर व्यायाम करताना नाजूक अवयवाला इजा होऊ नये म्हणून. 'लंगोटाचा पक्का' हे आपल्याकडं कौतुकाचं बोलणं आहे. लेदर बॉलने क्रिकेट खेळणारा पोरगा दुकानात जाऊन मोठ्यानं 'सपोर्टर द्या' म्हणतो. यात कुणाला काही अश्लील वाटत नाही आणि वाटायचं कारणही नाही. ते व्यायामाचं साहित्य आहे.

मग पोरीच्या छातीला आधार देणारा कपडा हे साहित्य का नाही? तो एकदम 'असला विषय' कसा होतो?

गंमत सांगते. जगातली पहिली स्पोर्ट्स ब्रा १९७७ साली अमेरिकेत व्हरमाँट राज्यात तयार झाली. लिसा लिंडाल नावाची बाई रोज धावायची आणि साध्या ब्रामुळे वैतागली होती. पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांना सोबत घेऊन तिने खटपट सुरू केली. पहिला जमलेला नमुना कशाचा होता माहितीय? पुरुष खेळाडूंच्या दोन सपोर्टरचा. दोन सपोर्टर एकमेकांना जोडून शिवले, त्यातून 'जॉगब्रा' निघाली. म्हणजे बायकांची स्पोर्ट्स ब्रा ही लंगोटाचीच चुलत बहीण आहे. एकाचं नाव तालमीत मानानं घेता आणि दुसरीचं नाव काढलं की मान खाली घालता, हे काही मला पटत नाही.

आता शरीराचं बघा. स्तनात स्नायू नसतो. चरबी, दुधाच्या ग्रंथी, आणि त्यांना धरून ठेवणारे पातळ तंतू व वरची त्वचा, एवढंच. मांडीचा, पोटरीचा स्नायू व्यायामानं बळकट होतो, तसं इथं होत नाही. आधार बाहेरूनच द्यावा लागतो. धावताना छाती फक्त वर-खाली होत नाही, डावी-उजवीकडं आणि पुढं-मागंही हलते. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात यावर वर्षानुवर्षं संशोधन चाललंय. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमधल्या सुमारे १,३०० धावपटू बायकांना त्यांनी विचारलं, तर साधारण तिघींत एकीनं स्तनदुखी होते असं सांगितलं. ११ ते १८ वयाच्या दोन हजारांवर शाळकरी मुलींना विचारलं, तेव्हा जवळपास निम्म्या म्हणाल्या की छातीच्या अडचणीमुळे खेळात भाग घेण्यावर परिणाम होतो. हे तिकडचं, जिथं दुकानात ही वस्तू सहज मिळते. आपल्याकडं हा प्रश्न पोरींना विचारलाय कुणी?

मी माझ्यापुरता विचारला. गेल्या महिनाभरात कळंब, लासुर्णे, जंक्शन, भवानीनगर या भागातल्या पंधरा-वीस पोरींशी बोलले. पहाटे रस्त्याच्या कडेनं, कालव्याच्या भरावावर पळणाऱ्या याच पोरी. त्यांचे जुगाड ऐका. बऱ्याचजणी दोन साध्या ब्रा एकावर एक घालतात. काहीजणी मुद्दाम एक-दोन माप लहान घेतात, खांद्यावर वळ उठेपर्यंत. एकीनं क्रेप बँडेज गुंडाळून बघितलं, चौथ्या राउंडला श्वास पुरेना म्हणून मैदानातच बसली. वर मोठ्या भावाचा ढगळा टी-शर्ट असतोच. काहीजणी तर पळताना खांदे पुढं पाडून, पोक काढून, कोपरं छातीशी आवळून पळतात. सर ओरडतात, "हात मोकळे सोड! छाती पुढं काढ!" अहो सर, ती कशी काढणार? मैदानाच्या कडेला टपरीवर बसलेली टोळकी कुठं बघत असतात ते तुम्हालाही माहितीय आणि तिलाही.

याची किंमत मार्कांत मोजा. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलींचं ग्राउंड ५० मार्कांचं. ८०० मीटर धावणे २०, १०० मीटर १५, गोळाफेक १५. म्हणजे ५० पैकी ३५ मार्क नुसत्या पळण्याचे, आणि वेळ काही सेकंदांनी पुढं गेली की मार्क उतरतात. मेरिट एका-एका मार्कावर अडतं हे तयारी करणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तिथं पोरगी अर्धं लक्ष पळण्यावर आणि अर्धं स्वतःला सावरण्यावर ठेवून पळते. त्यात ज्या पोरी 'दुखतं' म्हणून पंधरा दिवसांत घरी बसल्या त्या तर कुठल्याच हिशेबात येत नाहीत. आपण म्हणतो, "पोरीच्यानं झालं नाही." झालं नाही की आपण होऊ दिलं नाही?

आता आपल्या गावाबद्दल. शेठ वालचंद हिराचंद यांनी माळावर उभं केलेलं हे गाव. इथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ घेऊन जे रॉकेट उडालं, त्याच्या ३.२ मीटर व्यासाच्या एस-२०० बूस्टरची आवरणं इथली. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते, बरोबर? माप एका केसानं चुकलं तर काम नापास होतं हे या गावाला शिकवायला नको. त्याच गावात पोरीच्या छातीचं माप कसं ठरतं? दुकानदार काउंटरपलीकडून नजर टाकतो आणि म्हणतो, "बत्तीस होईल." आई म्हणते, "चौतीस द्या, वाढतं अंग आहे." पुडी वर्तमानपत्रात गुंडाळली, पिशवीत टाकली, विषय संपला. टेप नाही, ट्रायल नाही, बदलून मिळणार नाही. बूट घेताना मात्र दोन्ही पायांत घालून दुकानात चालून बघतो.

पलीकडं बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कात आपल्याच भागातल्या बायका शिवणयंत्रावर बसून मापात कपडे शिवतात. स्वतःच्या पोरीचं माप मात्र अंदाजपंचे.

तेव्हा नीट सांगते. जुनी, घरातली शिवणाची टेप पुरेल.

माप दोन घ्यायची. पहिलं छातीच्या बरोबर खाली, बरगड्यांवर, श्वास सोडून, टेप मागं-पुढं सरळ रेषेत ठेवून. दुसरं छातीच्या सगळ्यात भरीव भागावर, टेप न आवळता. पहिल्या मापावरून पट्टा ठरतो, दोन्हींतल्या फरकावरून कप. फरक जेवढा जास्त तेवढा कप मोठा. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, म्हणून 'मी बत्तीस' हे पाठ करून ठेवू नका, त्या कंपनीच्या तक्त्यात आपली मापं बघा. पाळीच्या आधी छाती जड होते, तेव्हा माप घेऊ नका. वाढत्या वयाच्या मुलीचं माप दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्या.

प्रकार मुख्य दोन. एक, डोक्यातून घालायची, छाती सपाट दाबून धरणारी. लहान छातीला आणि चालणं, योगासनं, हलका व्यायाम यांना ती चालते. दुसरी, दोन्ही बाजूंना वेगळे कप असलेली, मागं हुक आणि खांद्याला कमी-जास्त करता येणारे पट्टे असलेली. छाती भरलेली असेल आणि पळायचं, उड्या मारायच्या असतील, कबड्डी-खो-खो खेळायचं असेल, तर ही. एस, एम, एल एवढ्याच मापात मिळणारी ब्रा भरलेल्या अंगाला क्वचितच नीट बसते.

घालून बघितल्यावर पाच गोष्टी तपासा. एक, खालचा पट्टा घट्ट पण श्वास मोकळा, आत दोन बोटं जेमतेम जावीत. खरा आधार हा पट्टाच देतो, खांद्याचे पट्टे नाही. दोन, दोन्ही हात वर करा, पट्टा वर सरकला तर ब्रा सैल आहे. तीन, वरून किंवा काखेतून छाती बाहेर येत असेल तर कप लहान, कापडाला चुण्या पडत असतील तर कप मोठा. चार, खांद्याचे पट्टे रुतायला नकोत, घसरायलाही नकोत. पाच, जागेवर दहा उड्या मारा, थोडं पळून बघा. हलणं जवळपास थांबलं आणि कुठं दुखलं-टोचलं नाही, तर ती तुमची. नवीन घेताना सगळ्यात बाहेरच्या हुकवर नीट बसणारी घ्या. पुढं इलॅस्टिक सैलावतं, तेव्हा आतले हुक कामाला येतात.

निव्वळ सुती नको. घाम शोषून जड होते आणि काखेत, पट्ट्याखाली घासून जखमा होतात. घाम लवकर वाळणारं, ताण धरणारं मिश्र कापड बघा. दोन घ्या, आलटून-पालटून वापरा. गार पाण्यात हातानं धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. उन्हात करपलेलं इलॅस्टिक काही कामाचं नाही. पट्टा ढिला पडला की कपडा नवा दिसत असला तरी बदला. ऑनलाइन मागवत असाल तर आतले कपडे परत घेतात का ते आधी वाचा, अनेक ठिकाणी घेत नाहीत.

आणि हो, योग्य ब्रा घालूनही दुखणं राहिलं, गाठ लागली, तर घरगुती लेप लावत बसू नका. डॉक्टरकडं जा.

आता नेहमीचे आक्षेप.

"परवडत नाही." पाचशेपासून दीड हजारापर्यंत बरी मिळते. बुटाला दोन-अडीच हजार घालता, अकॅडमीची फी भरता, ती परवडते. तरीही काही घरांना खरंच जड जातं हे मी जाणते. त्याचा उपाय खाली लिहिलाय.

"घट्ट ब्रानं कॅन्सर होतो." असा कुठलाही वैद्यकीय पुरावा नाही. व्हॉट्सअॅपवरचं ज्ञान व्हॉट्सअॅपवरच राहू द्या. मात्र बँडेज बांधणं, दोन-दोन ब्रा आवळणं यानं श्वास कोंडतो, ते बंद करा.

"आमच्या आज्या, आया काही न घालता रानात राबल्या." राबल्या. दुखलं तर कुणाला सांगितलं असेल असं वाटतं तुम्हाला? आणि याच चालीवर लता करेंचं नाव हमखास निघतं. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या लताताई नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर पिक्चरही निघाला. मला त्या बाईंबद्दल अपार आदर आहे. पण त्या हौस म्हणून अनवाणी धावल्या नव्हत्या. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून धावल्या. ती त्यांची जिद्द होती आणि आपल्या व्यवस्थेची नामुष्की. आपण नामुष्कीवर हार घातला आणि फोटो फ्रेम केला. त्यांचं उदाहरण देऊन आजच्या पोरीला 'तू पण तशीच पळ' म्हणणं हा लताताईंचाच अपमान आहे.

"पोरी बिघडतील, तोकडे कपडे घालतील." ही टी-शर्टच्या आत घालायची वस्तू आहे. उलट ती नीट असेल तर पोरगी ताठ पळेल, सारखा टी-शर्ट ओढत बसणार नाही. आणि बाईनं पळणं आपल्या संस्कृतीत नाही असं म्हणणाऱ्यांनी बेलवाडीचं रिंगण आठवावं. डोक्यावर तुळस घेतलेल्या माउल्या रिंगणात धावतात तेव्हा आपण हात जोडतो. तीच बाई उद्या सकाळी रस्त्यानं पळाली की बघ्यांची नजर का बदलते? बिघडलंय ते कुणाचं?

जानेवारी २०२५ मध्ये भारताच्या पोरींनी पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, कॅप्टन आपली प्रियांका इंगळे. नोव्हेंबरात नवी मुंबईत क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, त्यात सांगलीची स्मृती मानधना. दोन्ही वेळा चौकाचौकांत फटाके वाजले. फटाके फोडायला मोकळे आहात, मग पोरीला मैदानावर टिकवायला जे लागतं ते बोलायलाही मोकळे व्हा.

माझ्या मागण्या चारच आहेत.

अकॅडमीवाल्यांनो, पहिल्या दिवसाच्या यादीत ही एक ओळ वाढवा. तुम्हाला सांगायला अवघड वाटत असेल तर मुलींसाठी एक तरी महिला प्रशिक्षक ठेवा. पन्नास पोरींची फी घेता, एका मॅडमचा पगार निघतो.

मुख्याध्यापक आणि क्रीडाशिक्षकांनो, पाळीबद्दल मार्गदर्शनाचे कार्यक्रम घेता, चांगलं करता. त्यातच अर्धा तास हा विषय घ्या. टेप घेऊन, एखाद्या शिक्षिकेनं, फक्त मुलींसमोर. आणि पुढच्या पालकसभेत आयांना सांगा.

दुकानदारांनो, ही मेहेरबानी नाही, तुमचा धंदा आहे. एक टेप, पडद्याची एक खोली, काउंटरला एक बाई. बारामतीला जाणारं गिऱ्हाईक इथंच थांबेल.

सरपंच, ग्रामसेवक आणि सदस्यांनो, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. दरवर्षी हळदी-कुंकू आणि तेच ते वाटप दाखवून हिशेब मिटवता, ते मी बातमीदार म्हणून बघत आलेय. यंदा गावातल्या खेळणाऱ्या, भरती करणाऱ्या गरजू मुलींसाठी मापानुसार स्पोर्ट्स ब्रा आणि बूट असा ठराव घ्या. सरसकट एका मापाचा गठ्ठा आणून फोटो काढू नका. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मी स्वतः मांडणार आहे. ज्या महिला सदस्यांना पाठिंबा द्यायचाय त्यांनी आधी फोन करा, एकटीनं उठून बोलायला लागू नये.

आणि आयांनो, बापांनो, कुणाची वाट बघू नका. या रविवारी टेप काढा. आईनं माप घ्या, बापानं पैसे द्या.

पोरींनो, तुमचे प्रश्न इनबॉक्समध्ये विचारा, नाव कुठंही येणार नाही. ज्यांना मला शिव्या द्यायच्यात त्यांनी मात्र इनबॉक्समध्ये नको, इथं खाली द्या. सगळ्यांदेखत, नाव लावून.